एक रिकामटेकडा नेमा

(मंडळाचं, सोसायटीचं, वस्तीचं काम हौसेनं अंगावर घेणाऱ्यांसाठीचं हे सदर. उत्तरं देणारे काका बेस्टच्या विद्युत विभागातून वायरमन म्हणून निवृत्त झाले असून परळच्या एका चाळीच्या उत्सव मंडळात चाळीसेक वर्षं कार्यकर्ते आहेत.)

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. लालबागला आमची चाळ पाडून सात मजली इमारत झाली, त्याला सहा वर्षं झाली. ८४ बिऱ्हाडं आहेत. यंदा कोजागरी गच्चीवर करायचं ठरलंय. मीटिंगमध्ये मी एवढंच विचारलं की अडीचशे माणसं एका जिन्यानं चढणार-उतरणार कशी? अध्यक्ष म्हणाले, "तुला एवढं कळतं तर तूच बघ." झाले मी संयोजक! जिने खरं तर दोन आहेत, पण दुसरा बंदच असतो; सहाव्या मजल्यावर त्यात कुणाचं तरी लोखंडी कपाट आणि तीन सायकली आहेत. खाली पार्किंगचं आवार मोठं आहे, पण तिथून चंद्र दिसत नाही म्हणतात. मुलांचे नाच, गरबा, बक्षिसं, मग दूध असा बेत आहे. "आजवर कधी काही झालं नाही" हे वाक्य आठवड्यात अकरा वेळा ऐकलं. माझ्यासोबत बारा जण आहेत, त्यांतली चार कॉलेजची मुलं. सुरुवात कुठून करू? परवानग्या कुठल्या लागतात?
— एक नवी संयोजक, लालबाग

उत्तर : ताई, जो विचारेल त्याच्याच गळ्यात काम मारायचं, ही आपल्या मंडळांची जुनी रीत आहे. वाईट वाटून घेऊ नका, मीही असाच अडकलो होतो. सुरुवात त्या कपाटापासून करा. कोजागरी कुठंही होवो, कपाट आणि सायकली जिन्यातून आधी हलल्या पाहिजेत. तो जिना कोजागरीसाठी बांधलेला नाही, एखाद्या रात्री कुणाच्या स्वयंपाकघरात भडका उडाला तर खाली उतरायला बांधलाय. कपाट कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त बोलायचं कुणाला नसतं. सेक्रेटरींच्या सहीनं आठ दिवसांची नोटीस लावा आणि नवव्या दिवशी कॉलेजच्या पोरांना हाताशी घेऊन ते तळमजल्यावर आणा.

आता तुमचा जिन्याचा प्रश्न. ढोबळ हिशेब असा, की सपाट मोकळ्या वाटेनं एक मीटर रुंदीतून मिनिटाला ऐंशीच्या आसपास माणसं जातात, जिन्यावर साठ-पासष्ट. हा हिशेब धडधाकट, हात मोकळे असलेल्या माणसांचा. तुमच्याकडे नऊवारीतल्या आजी असणार, काखेत झोपलेली पोरं असणार, हातात खुर्ची घेऊन उतरणारे असणार. तुमचा जिना चार फुटी धरला तरी मिनिटाला पस्तीस-चाळीसच्या वर मी धरणार नाही. म्हणजे अडीचशे माणसांना गच्ची सोडायला, कुठंही न अडता, सहा-सात मिनिटं. ऐकायला थोडी वाटतात. अंगावर पाऊस घेऊन ती मोजून बघा.

पाऊस मी उगाच आणला नाही. कोजागरी परतीच्या पावसाच्या दिवसांत येते. दिवसभर ऊन, संध्याकाळी ढग, मग विजांसकट एक सर. उघड्या गच्चीवर विजा चमकायला लागल्या की सगळ्यांना एकदमच उतरवावं लागतं आणि सगळे एकाच दाराकडे धावतात. एरवी अडीचशे माणसं दोन तासांत सुटी सुटी चढतात, तेव्हा कुणाला काही कळतही नाही. घात होतो तो सगळ्यांना एकाच मिनिटाला एकाच दारातून जायचं असतं तेव्हा.

२९ सप्टेंबर २०१७ची सकाळ आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणारा तो अरुंद पूल. (एल्फिन्स्टनचं नाव नंतर प्रभादेवी झालं.) कार्यक्रम नव्हता, सण नव्हता, रोजची ऑफिसची वेळ. पाऊस आला म्हणून माणसं जिन्याच्या तोंडाशी थांबली, मागून लोकल रिकाम्या होत गेल्या, पुढे जागा नाही आणि मागच्यांना ते दिसत नाही. २३ माणसं गेली. चेंगराचेंगरी म्हटलं की पायाखाली तुडवणं आपल्या डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात बरीचशी माणसं उभ्या उभ्याच जातात. छातीवर चारी बाजूंनी दाब येतो, श्वास सोडता येतो पण पुन्हा भरून घेता येत नाही. एका चौरस मीटरमध्ये चार-पाचच्या वर माणसं झाली की पाय आपले राहत नाहीत, गर्दी नेईल तिकडे जातात. आणि मागचा माणूस ढकलतो तो वाईट म्हणून नव्हे, त्याला पुढचं दिसत नाही म्हणून.

म्हणून माझं मत सरळ आहे. गरबा, नाच, बक्षिसं सगळं खाली आवारात करा. चंद्राचं म्हणाल, तर कोजागरीचा चंद्र मुंबईत मध्यरात्रीच्या सुमाराला जवळजवळ डोक्यावर येतो. आठ वाजता तो शेजारच्या टॉवरमागे असेल, पण बारापर्यंत तुमच्या आवारात उतरेल. ढग नसतील तर! अध्यक्षांना गच्चीच हवी असेल तर दूध खाली तयार झाल्यावर मजल्यामजल्यानं, एका वेळी तीसेक जणांना, चंद्र बघायला वर न्या. दोन्ही जिन्यांचे दिवे लागलेले हवेत आणि वर दोन मोठी माणसं फक्त कठड्यापाशी हवीत. आदल्या रविवारी गच्चीवरचं शेवाळ खरवडून घ्या. पावसाळ्यानंतर ते सुकलेलं दिसतं, चार थेंब पडले की साबण होतं.

आता माझी गोष्ट. १९९९ची आमची कोजागरी. चाळीचा चौक, तीनशे माणसं. साडेनऊला बक्षीस समारंभ चालू असताना सर आली. मी शिडीवर होतो, मेन बंद करायला चढलो होतो. एक जण दुधाच्या टोपावर झाकण शोधत होता, एक माइक पोटाशी धरून पळत होता, खजिनदार बक्षिसांच्या स्टीलच्या डब्यांवर ताडपत्री ओढत होते. मेन बंद केला नि चौकात काळोख झाला. माणसं जिन्याकडे धावली, आणि जिन्याच्या पायथ्याशी तीनशे माणसांच्या चपलांचा ढीग. आमच्याच मजल्यावरच्या मावशी त्या ढिगात पडल्या. मनगट मोडलं. मला अजून टोचतं ते हे, की त्या पडल्याचं आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही. अकरा कार्यकर्ते होते आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. शेवटी एका शाळकरी मुलीनं ओरडून सांगितलं.

दुसऱ्या वर्षापासून आमच्या मंडळात एक पद सुरू झालं. कागदावर 'सुरक्षा प्रमुख', तोंडी 'रिकामटेकडा'. त्यानं खुर्ची उचलायची नाही, दूध वाटायचं नाही, स्टेजवर जायचं नाही, आमदार आले तरी हार घालायला पुढे व्हायचं नाही. त्यानं फक्त येण्या-जाण्याच्या वाटेवर उभं राहायचं आणि माणसांकडे बघायचं. हातात बॅटरी, गळ्यात शिट्टी. आणि त्याला एकच अधिकार : तो म्हणाला थांबा, की कार्यक्रम थांबला. तिथं अध्यक्षांना विचारायचं नाही, मुख्य पाहुण्यांचं भाषण अर्ध्यावर असलं तरी चालेल. हा अधिकार आधी, मीटिंगच्या वहीत लिहून घ्या. ऐन वेळी कुणी कुणाचं ऐकत नाही. तुमच्या बाराजणांत असा एक निवडा. हौशी नको, गप्पिष्ट तर नकोच. आमच्याकडे पहिली सात वर्षं एक निवृत्त ट्रेन गार्ड होते. अशी नजर मी पुन्हा पाहिली नाही.

आणि चपलांची व्यवस्था जिन्यापासून लांब, भिंतीकडेला. दिव्यांचं म्हणाल तर मी वायरमन असून चुकलो ते असं : मंडपाची लाइन आणि वाटेवरचे दिवे एकाच मेनवर होते. ते वेगळे ठेवा. गाणी बंद पडू देत, वाट दिसली पाहिजे.

माइकवाल्याकडे एक चिठ्ठी लिहून द्या. घाबरलेला माणूस माइकवर "पळा पळा" म्हणतो, आणि लोक पळतात! आमची चिठ्ठी अशी : "मंडळी, कार्यक्रम आपण इथंच थांबवतोय. बसलेल्यांनी बसूनच राहा. मागच्या दोन रांगांनी आधी, गेटच्या बाजूनं, सावकाश निघा. मुलं तुमच्याजवळ आहेत का बघा." बस. कुठं जायचं ते सांगायचं, कशापासून पळायचं ते नाही.

गेटचं एकच काम, पण तेच राहतं. संध्याकाळी पाचनंतर गेटच्या आत-बाहेर एकही दुचाकी नको, रुग्णवाहिका किंवा बंब थेट आत आला पाहिजे. १०८ला फोन करणारा एक आणि नाक्यावर जाऊन गाडीला वाट दाखवणारा दुसरा, अशी दोन नावं ठरवा. तुमच्या गल्ल्यांत रात्री दहाला नवा ड्रायव्हर हमखास चुकतो. ११२ आणि अग्निशमनाचा १०१ माइकच्या टेबलावर चिकटवून टाका. इमारतीत एखादी नर्स किंवा डॉक्टर असेलच. त्या दिवशी त्या घरी आहेत ना, एवढं विचारून ठेवा.

परवानग्या फारशा नाहीत. स्वतःच्या आवारात, रस्ता न अडवता करताय तर रस्त्यावरच्या मंडपासाठी लागते ती महापालिकेची आणि वाहतूक पोलिसांची खटपट सहसा येत नाही. पण ध्वनिक्षेपकासाठी स्थानिक पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागतेच. रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत मिळते, त्यांची यादी दरवर्षी जाहीर होते, त्यात तुमचा दिवस आहे का ते ठाण्यातच विचारा. नसेल तर दहाला माइक बंद करून भेंड्या सुरू करा. खरं सांगू, आमच्याकडे लोक गरब्याला नव्हे, त्या भेंड्यांना थांबतात.

दुधाचं मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण भाजण्याची प्रकरणं मी या कोजागरीतच जास्त पाहिलीत. अडीचशे माणसांना चाळीस लिटर दूध लागतं. चाळीस लिटर उकळतं दूध म्हणजे काय चीज आहे ते टोप कलंडल्याशिवाय कळत नाही. भट्टी एका कोपऱ्यात, दोन बाजूंना भिंत, उरलेल्या दोन बाजूंना बाकडी आडवी लावून वाट बंद. सिलिंडर उभा, भट्टीपासून लांब, मंडपाच्या कापडाबाहेर; नळीला चीर असेल तर नवी आणा, दोनशे-अडीचशे रुपयांसाठी जीव टांगू नका. भरला टोप जिन्यानं वर न्यायचा नाही, हे पाळाच. दूध लहान किटल्यांत घेऊन वाटा. चांदण्यात ठेवायचं ते नैवेद्याचं वाटीभर, वर चाळण घालून. बाकीचं मंद आचेवर गरमच राहू द्या. कोमट दूध दोन-दोन तास उघडं ठेवलं की सकाळी निम्मी इमारत डॉक्टरकडे. बदाम-पिस्त्याचं वावडं असणाऱ्यांसाठी एक किटली साधी ठेवा, तीत साखरही घालू नका, म्हणजे मधुमेहवाल्यांची पण सोय झाली. कुणी भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, हळद नाही.

राहिले अध्यक्ष. त्यांच्याशी मीटिंगमध्ये वाद घालू नका, चारचौघांत माघार कुणालाच घेता येत नाही. एखाद्या रात्री साडेनऊला त्यांना म्हणा, "काका, जरा गच्चीवर येता?" उतरताना जिन्याचे दिवे बंद करा आणि दोघं मोबाइलच्या उजेडात सात मजले खाली या. सहाव्यावरचं ते कपाट तेव्हा तिथं असलं तर आणखी बरं.

प्रश्न : आमच्या मंडळाचा डेकोरेटर म्हणतो की ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावला की सारखा ट्रिप होतो, म्हणून दरवर्षी तो बायपास करतो. पाऊस पडला की मंडपाच्या लोखंडी खांबाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. मोठे कार्यकर्ते हसून सोडून देतात. नवरात्र तोंडावर आहे.
— एक कार्यकर्ता, घाटकोपर

उत्तर : हसण्यासारखं यात काहीच नाही, मित्रा. हे वाचल्यावर पहिलं काम, मेन बंद कर. मग बाकीचं वाच.

शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब जळतो तेव्हा त्यातून अर्ध्याला थोडा कमी अँपिअर करंट जातो. त्याच्या दहाव्या हिश्श्यानंही माणूस मरू शकतो. तुमच्या बोर्डावरचा १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून आहे, माणूस जळाला तरी त्याला पत्ता लागत नाही. ईएलसीबी ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर कुठं गळायला लागला की क्षणात तोडतो. तो सारखा पडतोय याचा अर्थ तो बिघडलाय असा नव्हे. कुठंतरी करंट गळतोय आणि तो गळून येतोय तुमच्या त्या खांबात. डेकोरेटरनं बायपास केला म्हणजे भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधलं, चोर घरातच आहे.

गळती शोधायला अर्धा तास लागतो. सगळ्या लाइन बंद, ईएलसीबी चालू, मग एकेक लाइन चढवत जायची. जिच्यावर तो पडेल ती धरून चालत जायचं. दहातल्या आठ वेळा चिकटपट्टी गुंडाळलेला एखादा जोड सापडेल, ओल्या कापडाला टेकलेला नाहीतर खांबाला तारेनं आवळलेला. नाहीतर हॅलोजनच्या मागे वितळलेली वायर. जोड जमिनीवर नको, पाण्याच्या वाटेत नको, लोखंडाला लागून नको. खांबांच्या सांगाड्याला अर्थिंग (जमिनीत जाणारी तार) करून घ्या. तात्पुरती जोडणी वीज कंपनीकडे अर्ज करूनच घ्या, शेजारच्या दुकानातून ओढलेली वायर नको. आणि डेकोरेटरच्या पोरांना एक गोष्ट करताना पाहिलंत तर तिथंच हात धरा : प्लग न लावता उघड्या तारा सॉकेटमध्ये घालून त्यात आगकाडी खुपसणं. नोकरीत असताना मी अशा आगकाड्या खिशात जमवायचो. एका गणपतीत सतरा निघाल्या होत्या.

रोज संध्याकाळी आरतीच्या आधी ईएलसीबीचं 'टेस्ट' बटण एकदा दाबा. पडला पाहिजे. न पडला तर त्या रात्री माळा लावायच्या नाहीत, समया लावा. पण समई कापडापासून हातभर लांब.

कुणाला शॉक बसून तो चिकटला तर त्याला हात लावू नका. आधी मेन. मेन कुठंय हे आज रात्री प्रत्येक कार्यकर्त्याला, चहा आणणाऱ्या पोरालासुद्धा, दाखवून ठेव.

प्रश्न : १ मे रोजी वस्तीतल्या मुलांच्या क्रीडास्पर्धा ठेवायच्या आहेत. पाहुणे साडेअकराला येणार म्हणून सुरुवात बाराला धरली आहे. मैदानावर सावली नाही. चालेल ना?
— क्रीडा समिती, वडाळा

उत्तर : नाही. पाहुण्यांच्या सोयीनं मुलांना उन्हात उभं करू नका. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानावर भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ माणसं उष्माघातानं गेली, आणि ती धावतही नव्हती. मुंबईत पारा ३४वर दिसला तरी हवेतल्या दमटपणानं घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. सकाळी साडेसहाला सुरू करा, साडेनऊला शेवटची शर्यत. पाहुण्यांना बक्षिसांसाठी संध्याकाळी पाचला बोलवा, येतील. मूल बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच १०८. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पिण्याचे पिंप दोन ठेवा, सुरुवातीच्या रेषेपाशी एक आणि शेवटच्या रेषेपाशी एक. मागच्या वर्षी आमचे दोन्ही पिंप पाहुण्यांच्या मंडपात होते.